शाळेचा निरोप आणि घरचे धर्मशिक्षण

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी निमंत्रणपत्रासोबत यंदा शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची यादी आम्हांकडे पाठविली होती. यादीत नावापुढे गुण आणि गुणांपुढे शाळेचे नाव असा क्रम होता. गुण पाहून समाधान वाटले हे सांगावयास नकोच. परंतु आमची दृष्टी अडली ती शाळांच्या नावांवर. त्यांतील पुष्कळ नावांच्या आरंभी एखादा संत नाही तर एखादी साध्वी आहे. आम्हीही अशाच एका शाळेतून शिकून बाहेर पडलो. तेव्हा या मुलांनी तेथे दहा-बारा वर्षांत काय मिळविले आणि शाळा सोडताना त्यांच्या हाती काय राहिले, याविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असे समजून आजचा विषय घेतला आहे.

‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आपल्या घराघरांत रुळला आहे. मूळ अर्थ व्रतस्थ भगिनींचा मठ. आपल्याकडे मात्र इंग्रजी माध्यमाची कोणतीही शाळा कॉन्व्हेंट होऊन बसते, मग तिचा चालक एखादा साखरसम्राट का असेना! म्हणून प्रथमच स्पष्ट करतो की आम्ही बोलणार ते कॅथलिक धर्मसंस्थांनी चालविलेल्या शाळांविषयी. या साऱ्या शाळा इंग्रजीच असतात हाही समज खरा नव्हे. वसईकडच्या धर्मग्रामांतील कॅथलिक शाळांतून कित्येक पिढ्या मराठीतून शिकल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याच वसईचे. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २०२४ साली ते निवर्तले. आपला धर्म त्यांनी मराठीतून सांगितला, आणि तो मराठी वाचकास परका वाटला नाही.

या शाळांविषयी आपल्या ज्ञातीत दोन मते आढळतात. काही वडीलधाऱ्यांस वाटते की तेथे आपली मुले घालूच नयेत. घातली की ती आपल्या हातची जातात. ही भीती आजची नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने स्कॉटिश मिशनच्या पाद्र्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही पाद्र्यांकडे राहावयास गेला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता; तरी त्यांच्या घरचे अन्नपाणी घेतल्यामुळे तो भ्रष्ट मानला गेला. न्यायालयाने मुलास बापाच्या स्वाधीन केले, पण ज्ञातीचे दार बंदच राहिले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यास प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावे म्हणून खटपट केली, आणि त्यावरून शहरात दोन तट पडले. ते मिशन प्रॉटेस्टंट होते, कॅथलिक नव्हे, हा भेद ध्यानी ठेवावा. परंतु शाळा म्हणजे मुलगा गमावण्याची जागा, ही धास्ती आपल्या पणजोबांच्या मनात कोठून आली ते या प्रकरणावरून कळते. मुलगा परत आला असताही त्यास बाहेर ठेवणारे कोण होते, हेही त्यावरून कळते.

दुसरे मत याच्या अगदी उलट आहे आणि आज तेच प्रबळ आहे. ‘फादरांची शाळा आहे, संस्कार चांगले होतात,’ असे म्हणून आईबाप निश्चिंत होतात. हे संस्कार कोणते, अशी विचारणा केली असता शिस्त, वक्तशीरपणा, स्वच्छ गणवेश, रांगेत उभे राहणे आणि मोठ्यांशी अदबीने बोलणे, एवढी नावे निघतात. या गोष्टी मोलाच्या आहेत आणि आमच्या अंगी जी काही थोडीबहुत शिस्त असेल ती तेथलीच, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. पण हे धर्मशिक्षण नव्हे. धर्मशिक्षण त्याच शाळेत, त्याच वेळी, शेजारच्या खोलीत चाललेले असे, आणि त्या खोलीत आपली मुले नसत.

ज्यांना या शाळांचा अनुभव नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. आठवड्याच्या वेळापत्रकात एक तास असा असे की घंटा होताच वर्गाचे दोन भाग होत. कॅथलिक मुले धर्मशिक्षणास जात आणि उरलेले आम्ही, म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी, जैन असे सारे, ‘मॉरल सायन्स’ नावाच्या तासास बसत असू. आमच्या पुस्तकात सत्य बोलावे, आळस करू नये, मुक्या प्राण्यांस छळू नये अशा अर्थाच्या गोष्टी असत. चांगल्याच असत, पण त्या कोणाच्याही नसत. त्यांत ना एखादे दैवत, ना एखादा ग्रंथ, ना एखादी कठीण शंका. त्या तासाचे गुण कोणी मनावर घेत नसे. बरेच विद्यार्थी गणिताचा गृहपाठ त्याच तासात उरकीत.

पलीकडच्या खोलीतील प्रकार निराळा होता. तेथे ठरलेले पुस्तक, ठरलेला शिक्षक आणि ठरलेला टप्पा असे. दहावे पायस पोप यांनी १९१० साली प्रथम कम्युनियनचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. तेव्हापासून प्राथमिक शाळेतील मूल त्या विधीची तयारी करते, आणि विधी काय आहे हे समजल्याखेरीज त्यास पुढे जाऊ देत नाहीत. मोठे झाल्यावर दृढीकरणाचा संस्कार येतो. त्याच्या आधी पुन्हा शिकवण. म्हणजे आमच्या बाकावरचा कॅथलिक मित्र शालान्त परीक्षेस बसेपर्यंत आपल्या धर्माचे दोन-तीन उंबरठे समजून ओलांडून गेलेला असे. सात संस्कार कोणते असे विचारले तर तो बोटांवर मोजून दाखवी. आपले संस्कार सोळा म्हणतात. येथे बसलेल्या किती घरांतील मुलांना त्यांतील पाच सांगता येतील? बारसे, जावळ आणि लग्न येथवर गाडी येते आणि थांबते. मुंजीचे म्हणाल तर आपल्यातील कित्येक घरांत ती लग्नाच्या आदल्या दिवशीच उरकतात. नवरदेवाच्या मनात त्या वेळी ब्रह्मचर्याश्रमाचा विचार कितपत असतो हे सांगण्याची गरज नाही.

त्या पद्धतीत दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न आणि उत्तरे घोकून घेण्याची जुनी रीत होती. नरकाचे भय बालमनावर फार घातले जाई, असे आमचे कॅथलिक मित्रच पुढे मोठेपणी सांगू लागले. तरीही घोकलेले उत्तर चुकीचे वाटले तर त्याशी पुढे भांडता येते. ज्यास उत्तरच कधी कोणी दिले नाही त्याने भांडावे कशाशी?

आठव्या इयत्तेत असतानाची गोष्ट. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बाकावरच्या मित्राने निव्वळ कुतूहलाने विचारले, “तुम्ही इतक्या भक्तीने आणलेला देव पाण्यात का सोडता?” आम्ही तो प्रश्न घरी वडिलांना विचारला. ते म्हणाले, “आपल्यात करतात.” मॉरल सायन्सच्या तासास वृद्ध ब्रदर असत. मित्राने तोच प्रश्न तेथे पुन्हा काढला तेव्हा त्यांनी स्वतः काहीच उत्तर दिले नाही. आम्हांस म्हणाले, “घरी आजी आहे ना? तिला विचार, आणि एक पान लिहून आण.” आजीस विचारले. ती दोन इयत्ता शिकलेली. दुपारी भाजी निवडता निवडता तिने सांगितले की मूर्ती मातीचीच हवी. ती नुसती माती असते, मग तीत देवास बोलावतात, तो पाहुणा म्हणून राहतो, उत्तरपूजा करून त्यास निरोप देतात, आणि उरते ती माती जेथून आणली तेथे पोचवतात. “देव कोणी बुडवीत नाही रे,” ती म्हणाली, “आपण फक्त माती परत करतो.” आम्ही ते एक पान इंग्रजीत कसेबसे लिहिले. ब्रदरांनी ते वर्गास वाचून दाखविले आणि आमच्या मित्रास विचारले, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले?”

हिंदू धर्माचा पहिला खरा पाठ आम्हांस असा एका कॅथलिक शाळेच्या गृहपाठामुळे मिळाला. शिकविणारी घरातच होती. तिला विचारावे असे मात्र आमच्या घरात त्यापूर्वी कोणास सुचले नव्हते.

आता निरोपाच्या दिवसाकडे वळतो, कारण आजच्या सत्कारमूर्तींनी तो दिवस नुकताच अनुभवला आहे. दहावीचा निरोप समारंभ झाला म्हणजे मेणबत्ती हाती घ्यावयाची, शाळेचे गीत म्हणावयाचे, मुख्याध्यापकांचा आशीर्वाद घ्यावयाचा. सारे मन भरून येण्याजोगे असते. परंतु त्या दिवशी एक गोष्ट घडते ती कोणाच्याही ध्यानात येत नाही. पहिलीपासून दहावीपर्यंत रोज सकाळी या मुलांनी हात जोडून प्रार्थना म्हटलेली असते. ती दुसऱ्यांच्या शब्दांतली असेल, पण म्हटलेली असते; क्षणभर शांत उभे राहण्याची सवय देहास जडलेली असते. निरोपाच्या दुसऱ्या दिवशी ती प्रार्थना थांबते. कॅथलिक मित्राची थांबत नाही, कारण त्यास रविवारची मिस्सा आहे, धर्मग्राम आहे, तरुणांचे मंडळ आहे. आपल्या मुलाची शाळा सुटते आणि तिच्याबरोबर प्रार्थनाही सुटते. पुढे विसाव्या-बाविसाव्या वर्षी घरातील एखादे माणूस अचानक जाते, नोकरी मिळत नाही, मन खचते. अशा वेळी तो तरुण आधारासाठी हात पुढे करतो तेव्हा हातास काहीच लागत नाही. मग तो मोबाइलवर भेटेल त्या बाबा-बुवाच्या मागे जातो, किंवा दुसऱ्या धर्माचा द्वेष म्हणजेच आपला धर्म असे सांगणाऱ्यांच्या घोळक्यात शिरतो. ही दोन्ही उदाहरणे आपल्या ज्ञातीतील घरांत आम्ही पाहिली आहेत आणि आपणही पाहिली असतील. आम्हांस या विषयाची चिंता वाटते ती यासाठी.

शाळेने हे का करू नये, असा प्रश्न कोणी विचारील. कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही; आणि सरकारमान्य अथवा अनुदानित शाळेत ते दिले जात असले तरी पालकांच्या संमतीवाचून मुलास त्यात बसविता येत नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, एक मार्मिक भेद दाखविला: एखाद्या धर्माचे शिक्षण देणे निराळे आणि धर्मांविषयी शिक्षण देणे निराळे. दुसरे सर्वांस द्यावे असे आयोगाचे मत. ते अद्याप सगळीकडे नीट उतरले आहे असे आम्हांस वाटत नाही. पण उतरले तरी पहिले काम शाळेचे होत नाहीच.

हे आम्हीच म्हणतो असे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणविषयक घोषणापत्र काढले. त्यात आईबाप हेच मुलांचे आद्य आणि प्रमुख शिक्षक होत असे सांगितले आहे. इतक्या शाळा, इतके धर्मगुरू आणि इतक्या भगिनी ज्या धर्मसंस्थेपाशी आहेत, तीही घराचे काम आपल्या शिरावर घेत नाही. त्याच दिवशी निघालेल्या दुसऱ्या घोषणापत्रात, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, असा भाव आहे. आमचे ते वृद्ध ब्रदर हे कागद वाचून वागत होते की स्वभावाने, हे सांगणे कठीण. वागत मात्र तसेच होते.

धर्मशिक्षण कशास म्हणावे हे पाहण्यासाठी आपण थोडे मागे, चारशे वर्षांपूर्वीच्या गोव्यात जाऊ. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि पुढचे सारे आयुष्य त्याने तेथेच काढले. ज्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता, किंवा ज्यांस तो घ्यावा लागला होता, त्यांची जुनी पुराणे पोर्तुगीज अमलात बंद झाली होती. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. पूर्वीच्या पुराणांची मनाई झाली, तर त्यांच्या जागी तसेच दुसरे आम्हांस का करून देत नाही, असे नवख्रिस्ती लोक पाद्रीस विचारतात. त्या मागणीतून दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो मराठी ग्रंथ जन्मला आणि १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. लोकांनी नियमांची यादी मागितली नव्हती. त्यांनी कथा मागितली, आणि ती आपल्या भाषेत, ओवीच्या चालीवर मागितली. परदेशातून आलेल्या त्या माणसाने ही भूक ओळखली आणि आधी स्वतः मराठी शिकला.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे असा हुकूम काढला. भाषा अशा हुकमांनी मरत नाही, पण ती लाजू लागते. हे आम्ही आपल्याच घरांना उद्देशून बोलत आहोत. आपल्यावर कोणत्याही सरकारने असा हुकूम काढलेला नाही. तरी आपली नातवंडे आरतीचे शब्द इंग्रजी लिपीत लिहून घेऊन म्हणतात आणि ज्ञानेश्वरी हे नाव त्यांस केवळ प्रश्नमंजूषेसाठी ठाऊक असते.

जेझुइट शाळांत एक जुनी चाल आहे. विद्यार्थी वहीच्या पानाच्या माथ्यावर चार लॅटिन आद्याक्षरे लिहितो: ए. एम. डी. जी.; अर्थ, ईश्वराच्या अधिकाधिक गौरवासाठी. खाली भूमितीचे प्रमेय असो की इतिहासाची सनावळी, काम त्यास अर्पण केलेले. आपल्याकडे पानाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत. आमच्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत तो प्रत्येक पानावर आहे, अगदी उधारीच्या पानावरसुद्धा. आज तो लग्नपत्रिकेपुरता उरला आहे.

मग काय करावे? मुलांस त्या शाळांतून काढावे असे आमचे मत मुळीच नाही. आमची स्वतःची मुलेही तेथेच शिकली. मंडळाकडे एवढेच मागणे आहे की, शिष्यवृत्त्या आणि पारितोषिके देत आलो तसा आपण आता मुलांसाठी रविवारी सकाळी दीड तासाचा एक वर्ग चालवावा. त्यात मुलगे आणि मुली बरोबरीने बसाव्यात. आपल्या कुळांचे विधी काय आहेत आणि का आहेत हे तेथे सांगावे. चंपाषष्ठीस तळी भरतो ती का, घटस्थापनेत धान्य का पेरतो, श्राद्धात काकस्पर्शाची वाट का पाहतो, हे मुलांनी विचारावे. रामायण-महाभारताच्या कथा दूरदर्शनवर पाहिलेल्या असतात, त्या एकदा वाचून दाखवाव्यात. तुकाराम आणि जनाबाई अर्थासह म्हणवून घ्यावीत. वर्षातून एखादा रविवार असा असावा की आपल्या मुलांचे कॅथलिक किंवा मुसलमान मित्र येऊन आपल्या सणांविषयी सांगतील. ज्यास आपले थोडेफार ठाऊक आहे त्यास दुसऱ्याचे ऐकताना धाक वाटत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी लागेल, आणि ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून ती सांगताना आम्ही संकोच करणार नाही. आपल्या ज्ञातीचा मोठेपणा म्हणजे धर्म, असे त्या वर्गात कोणी शिकवू नये. हा रोग केवळ आपलाच आहे असे नव्हे. गोव्याच्या चर्चमधील बंधुसंघांतही ब्राह्मण आणि चार्दो हे भेद बाप्तिस्म्यानंतर पिढ्यान् पिढ्या टिकून राहिले. शाळेत आपली मुले उंचीप्रमाणे लावलेल्या रांगेत उभी राहिली आणि कोणाही शेजारी बसून डबा खाती झाली. ही त्यांनी तेथून आणलेली गोष्ट आहे. ती आपल्या वर्गात येऊन पुसली जाऊ नये. मुले चोखोबांच्या अभंगांचा अर्थ विचारतील तेव्हा ते देवळाबाहेर का उभे राहिले याचे उत्तर शिकविणाऱ्याने चाचरत न बसता द्यावे.

शिकविणार कोण, हा प्रश्न चालकांनी आम्हांस आधीच विचारला. शास्त्री-पंडित मिळाले तर उत्तमच. पण त्यांची वाट पाहत बसू नये. धर्मग्रामांत रविवारी मुलांस शिकविणारे बहुधा बँकेतले कारकून, परिचारिका, गृहिणी अशीच माणसे असतात. आठवडाभर नोकरी करून, आधी स्वतः वाचून, मग ती वर्गावर जातात. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत. आज मागच्या रांगांत बसलेल्या आज्या आहेत. आणि आजचे सत्कारमूर्तीही आहेत; त्यांस निकालानंतर महाविद्यालय सुरू होईपर्यंत वेळच वेळ असतो. धाकट्यांना गोष्ट वाचून दाखविण्याचे काम त्यांनी घ्यावे. उत्तर येत नसेल तर पुढच्या रविवारी विचारून सांगतो असे म्हणण्याची सर्वांस मोकळीक असावी. “आपल्यात करतात” एवढे उत्तर मात्र त्या वर्गात चालू नये.

सभागृहामागची खोली रविवारी सकाळी रिकामी असते हे आम्ही कार्यवाहांस विचारून घेतले आहे. गणेशोत्सव आटोपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी साडेनऊ वाजता आरंभ करण्यास त्यांची हरकत नाही. फळा आहे, सतरंज्या आहेत, पुस्तकांसाठी पहिली रक्कम आम्ही देत आहोत. ज्यांस शिकविण्याची इच्छा असेल त्यांनी आज अल्पोपाहारानंतर जाण्यापूर्वी आपली नावे दाराजवळच्या वहीत लिहावीत.